किशोरवयातच शालेय आहार का थांबतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय आहाराचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात ती प्राथमिक वर्गांतली लहान मुले. माध्यमिक वर्गांना शिकवताना मात्र मला सतत जाणवत आले आहे की, ज्या वयात शरीराची मागणी झपाट्याने वाढते, नेमके त्याच वयात अनेक ठिकाणी शाळेतले जेवण बंद होते.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरवय मानते. या वर्षांत उंची भराभर वाढते, हाडांत कॅल्शियम साठते, मुलग्यांचे स्नायू भरतात आणि मुलींची मासिक पाळी सुरू होते. पाळीवाटे दर महिन्याला जाणारे लोह आहारातून भरून निघाले नाही, तर पुढे रक्तक्षय होतो. बारा वर्षे व त्यापुढील मुलीचे हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय समजला जातो. पण वर्गात हा आकडा दिसत नाही. दिसते ती तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकणारी, जिना चढून आल्यावर धापा टाकणारी मुलगी, आणि तिला आपण 'आळशी' म्हणून मोकळे होतो. मीही पूर्वी असे म्हटले आहे, याची खंत वाटते.

यावर उपाय म्हणून आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते व ती आवश्यकच आहे. परंतु आमच्याकडे ती पहिल्या तासाला दिली जाई. घरून उपाशीपोटी आलेल्या मुलींना तिने मळमळे, म्हणून पुढच्या आठवड्यात काही जणी ती जिभेखाली धरून नळापाशी थुंकून टाकत. नोंदवहीत मात्र 'गोळी दिली' अशी खूण पडलेली असे. जेवणानंतर घेतल्यास हा त्रास कमी होतो, आणि जेवणात क जीवनसत्त्व असेल तर त्यातले लोहही अधिक शोषले जाते. म्हणूनच गोळी आणि जेवण यांचा विचार वेगवेगळा करून चालणार नाही. शालेय आहार माध्यमिक वर्गांपर्यंत न्यावा, त्याचे प्रमाण वयानुसार ठरवावे आणि त्यात केवळ पोट भरण्याऐवजी प्रथिने व लोह यांकडे लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आम्ही आता गोळी मधल्या सुट्टीनंतर देतो. ज्या मुली सुट्टीतही काही खात नाहीत, त्यांना ती केव्हा द्यायची, असे एका सहकारी शिक्षिकेने विचारले, तेव्हा आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका