वाळपई लाईनच्या ड्रायव्हरकाकांना, एका कागदाबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

गोव्यात खायचं कुठे म्हणून विचारलं की लोक नावं सांगतात. तुम्ही एकही नाव सांगितलं नाहीत. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, जुन्या डायरीचं एक पान फाडून त्यावर वेळा लिहून दिल्यात: 7, 8, 11, 1, 4.30 आणि 6. प्रत्येक वेळेपुढे एक गाव आणि खाली एकच ओळ, "हॉटेल बदलतं, वेळ बदलत नाही." त्या कागदाचे आभार मानायला हे पत्र. उघडं लिहितोय, कारण पणजीहून किनाऱ्याकडे पाठ करून निघणाऱ्या कुणालाही तो कागद कामाला येईल. वेळांची कारणं तुम्ही तोंडी सांगितली होती, ती इथे मांडतो. चुकलं असेल तिथे कान धरा.

फेरी सोपी आहे. पणजी, जुने गोवे, बाणस्तारी, माशेल, आमोण्याच्या पुलावरून साखळी, होंडा, वाळपई. परत होंड्याला येऊन उसगाव, फोंडा आणि पणजी. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. गाडी चालवण्यात तीन-साडेतीन तास जातात, उरलेला दिवस खाण्याचा. वार गुरुवार, कारण बाणस्तारीचा आठवड्याचा बाजार गुरुवारी भरतो. शुक्रवारच जमत असेल तर म्हापसा गाठावं, पण मग फेरीच वेगळी आखावी लागते. 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालू असतात. त्या दिवसांत सातला नाही, सहाला पणजी सोडायची, आणि 3 डिसेंबरला फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या दिवशी या रस्त्याला जायचंच नाही.

सात वाजता भाजीपाव. "दहाला गेलात तर भाजी मिळेल, पाव मिळेल, भाजीपाव मिळणार नाही," असं तुम्ही म्हणालात, ते शब्दशः खरं आहे. पातळ भाजी पातेल्यात जसजशी आटते तसतसा तळाचा मसाला वर येतो. मग हॉटेलवाला त्यात गरम पाणी घालतो आणि चव पांगते. सकाळच्या पहिल्या दोन तासांत ती नीट दाटपणाला असते. "मिक्स" मागायचं, म्हणजे बटाट्याच्या सुक्या भाजीवर पातळ भाजी ओतून मिळते. त्या दिवशी अळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची नारळाच्या वाटणाची उसळ, असेल तर बाकी सगळं सोडून ते घ्यायचं. चौघांत दोन प्लेट भाजी आणि सहा उंडे, म्हणजे गोल पाव, एवढ्यावर थांबायचं. इथे पोट भरलं तर एक वाजता ताट वाया जातं. मऊ चौकोनी पाव पातळ भाजीत बुडवला की तुकडा बशीतच राहतो. उंड्याचं कवच कडक असतं, ते रस पिऊनही तुटत नाही. मिरचीभजी एकच, वाटून. बन्स पुढच्या खेपेला.

आठ वाजता बाजार. इथे तुमचा सल्ला असा की आधी पूर्ण चक्कर मारायची, पिशवी गाडीतच ठेवून. दुसऱ्या चकरेला जड माल आधी घ्यायचा: नारळ, सुरण, नीरफणस. मग केळी. साळदाटीचा घड गाडीत उभा टांगता येत नसेल तर फण्या सोडवून घ्यायच्या, नाहीतर खालची फणी दुपारपर्यंत काळी पडते. रसबाळी त्याच दिवशी खायची असेल तरच. पावसाळ्यात जुवे बेटावरची सात शिरांची भेंडी येते. ती इतर भेंडीच्या मानाने फिकट आणि लांब असते. नेहमीच्या सवयीने "लांब म्हणजे जून" असं समजून लोक ती बाजूला सारतात आणि तिथेच फसतात, कारण ही वीतभर वाढली तरी कोवळी राहते. आता तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. शेंडा मोडून बघायचा. कट्कन मोडला की घ्यायची. विकणारी बाय रागावते, म्हणून एकच मोडायची आणि मोडलेली विकत घ्यायची.

सोलं, म्हणजे आमसुलं, घेताना मूठभर दाबून बघायची. एकमेकींना चिकटून गोळा झाला तर चांगली, मोकळी खडखडली तर जुनी. हाताला मीठ लागत असेल तर वजन मिठाचं आहे असं समजावं. तेफळं, म्हणजे तिरफळं, याच्या उलट: फोडलेली, तोंड उघडलेली आणि आत काळं बी जवळजवळ नसलेली. बियांत चव नाही, दाताखाली खर तेवढी येते. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा सोबत असू द्याव्यात. सकाळी आठला पाचशेची नोट पुढे केली की भाव करण्याचा हक्क संपतो.

ताज्या मासळीचा मोह इथे होतो, आणि कागदावर तुम्ही लाल पेनाने फुली मारली आहे ती याच जागी. सकाळी आठला घेतलेला बांगडा संध्याकाळी सातला घरी पोचतो, मधले अकरा तास गाडी उन्हात. न्यायचाच असेल तर जेवढी मासळी तेवढा बर्फ, किलोला किलो. मासळीखाली एक थर, वर एक थर, आणि थर्मोकोलच्या खोक्याला तळाशी भोक. वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहिला की मांस पांढुरकं आणि भुसभुशीत होतं. लोक बर्फवाल्याला शिव्या देतात, दोष त्या न पाडलेल्या भोकाचा. त्यापेक्षा सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, घ्यावीत. ती गुलाबी आणि कोरडी असावीत, हाताला ओल लागली तर दोन आठवड्यांत बुरशी धरतात. डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा घ्यावा. प्लास्टिकच्या पिशवीतून वास सीटच्या कापडात गेला की पुढचे तीन गुरुवार गाडीत किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची कोशिंबीर.

अकराच्या पुढे तुम्ही लिहिलंय "सत्तरी, ऋतू बघून", सत्तरी म्हणजे वाळपईचा तालुका. फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत तिथे काजूच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. झाडावरची बोंडं तोडत नाहीत, पिकून पडलेलीच वेचतात. बिया वेगळ्या काढून बोंडं तुडवायची, उरलेला चोथा दगडाच्या वजनाखाली ठेवायचा, आणि त्या वजनाने जो रस आपोआप ठिबकतो तो नीरो. तो सकाळी प्यायचा. उन्हात तासागणिक तो आंबत जातो, दुपारी तीनला तीच बाटली अर्धवट दारू असते. म्हणून बाटली गच्च भरायची नाही, एक चतुर्थांश रिकामी ठेवायची आणि झाकण सैल. झाकण घट्ट लावून डिकीत ठेवलेली बाटली उसगावच्या चढाला फुटते, आणि नीरोचा चिकटपणा लवकर जात नाही.

आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे हुर्राक, साधारण 15 टक्क्यांचा. दुसऱ्यांदा काढली की फेणी, 40 च्या वर. फेणीला 2009 मध्ये जीआय मिळालं आणि ती गोव्यात वर्षभर मिळते. हुर्राक मात्र हंगामापुरताच. मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो सरबतासारखा लागतो, आणि गोची तिथेच आहे. कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. एका मोठ्या पेल्यात ती ओलांडली जाऊ शकते. चाळीस जणांना घेऊन रोज घाट उतरणाऱ्या तुम्ही याबाबत वाद घातला नाहीत, फक्त "चालवणाऱ्याने वास घ्यायचा" असं लिहिलंत. पाळतो.

पावसात याच रस्त्याकडेला ओळमी, म्हणजे रानातली अळंबी, विकायला दिसतात. रोयणीवर, म्हणजे वारुळावर उगवणारी ही अळंबी वाळवीच्या आधारानेच वाढते, शेतात लावता येत नाही. म्हणून महाग. वाटा घेताना छत्री उघडलेली घ्यावी. बंद कळ्या घेणाऱ्यांमुळेच त्या आधी तोडल्या जातात आणि पुढच्या वर्षीचं बीज पडत नाही. त्याच दिवशी शिजवाव्या, उद्यापर्यंत पाणी सुटून काळ्या पडतात. अनोळखी जंगली अळंबी स्वतः वेचायची नाही, हे सांगायला नकोच. तेरें, म्हणजे रानटी अळू, घेतलंत तर सोबत आंबाडे, ती आंबट फळं, घ्यायला विसरू नये. पानातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खवखवतो. आंबट घालून पुरेसं शिजवलं तरच ते गिळवतं. थंडीत अकराचा रकाना रिकामाच असतो. रिकामा सोडावा, फोंड्याला लवकर पोचावं.

एक वाजता ताट. काका, सगळ्यात मोठं ऋण या ओळीचं आहे.

साडेबाराच्या आधी हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणाची माशांची आमटी, मुरलेलं नसतं आणि दोननंतर चांगली मासळी संपते. बसायच्या आधी उभ्याने विचारायचं, "आज हुमण कसलं?" बांगडा किंवा तारले (पेडवे) म्हटलं तर त्यात तेफळं हवीत. तेलकट मासळीचा उग्रपणा तीच मारतात, आणि ती शेवटी ठेचून घालायची असतात. आधीपासून उकळली तर कडवट होतात. सुंगटांचं असेल तर सहसा कांदा आणि आंबाडे किंवा कैरी. कुठलाही मासा असो, चव आणि रंग एकच, असं दिसलं की एकाच वाटणाचं मोठं पातेलं आहे असं समजावं. वर तेलाचे डोळे आणि खाली पाणी असं फुटलेलं हुमण आलं तर ते पुन्हा उकळलेलं आहे. शीत, म्हणजे भात, उकड्या तांदळाचं मागायचं. सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, हुमणात लगेच विरघळतो, उकडा कण धरून राहतो.

तळलेल्या मासळीत नावाला भुलू नये. इसवण (सुरमई) महाग म्हणून चांगलं, हे किनाऱ्यावरचं गणित. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी बोटींना बंदी असते, तेव्हा ताटातलं इसवण बहुधा बर्फातलं. त्या दोन महिन्यांत नदीची मासळी विचारावी: शेवटे, काळुंद्रं. रवा मासळीपासून सुटून बशीत पडत असेल तर मासा ओला असतानाच रव्यात घोळवला, किंवा तेल पुरेसं तापलं नव्हतं. किसमूर आधी खाऊ नये, ती भाताबरोबर चिमूट चिमूट. आणि सोलकढी शेवटी.

गुरुवारचा एक घोळ मात्र आहे. सोमवारी मासळी न खाणारी घरं पुष्कळ, गुरुवार पाळणारीही आहेत, त्यामुळे लहान खानावळीत त्या दिवशी मासळी कमी करतात. श्रावणात तर विचारूच नये. मग शिवराक, म्हणजे शाकाहारी, ताट घ्यावं आणि तडजोड म्हणून घेऊ नये: खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण), मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ), नीरफणसाची कापं. खतखत्यातली तेफळं हुमणातल्यापेक्षा जास्त कळतात. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या बिब्ब्यांची, म्हणजे ओल्या काजूगरांची, भाजी असेल तर मासळी असतानाही तीच.

अडीच ते साडेचार. कागदावर इथे काहीच नाही, नुसती आडवी रेघ आहे. सुरुवातीला ती छपाईची वाटते. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, हॉटेलात खुर्च्या टेबलांवर, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नाहीत. या दोन तासांत काहीही उघडं शोधायचं नाही. गाडी झाडाखाली, काचा चार बोटं खाली.

साडेचारला पदेराची, म्हणजे पाववाल्याची, दुसरी भट्टी. सकाळच्या पावावर सगळ्यांचा डोळा, संध्याकाळचा लोक विसरतात. पोळी (कोंड्याचा पाव), उंडे, काकणं (बांगडीसारखे कडक पाव) तिन्ही घ्यावीत, पण गरम असताना प्लास्टिकमध्ये कधीच नाही. वाफ आत कोंडली की कवच चामडं होतं. कापडी पिशवी, तोंड उघडं, अर्धा तास. काकणं टिकतात, चहाला चार दिवस पुरतात.

सहाला रस ऑम्लेट, फोंड्यात किंवा पणजीत पोचून, गाड्यावर. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि त्यावर शागोतीचा, म्हणजे मसालेदार कोंबडीच्या कालवणाचा, रस. "रस वेगळा" म्हणायचं, म्हणजे ऑम्लेटच्या कडा कुरकुरीत राहतात. लवकर गेलं तर रस पातळ असतो, नऊनंतर तळाचा खारट. चौघांत दोन पुरतात.

तुमच्या कागदाला आम्ही एकच जोड दिली आहे, परवानगी न घेता: खाजे, ती गुळात घोळलेली बेसनाची कांडी, शेवटी घ्यावेत, आणि जून ते सप्टेंबर घेऊच नयेत. गुळाच्या कवचाला दमट हवेत पाणी सुटतं. मान्य नसेल तर खोडून टाका.

येत्या गुरुवारी परतताना साडेपाचच्या सुमारास तुमच्या फाटकाला सहा उंडे टांगून ठेवू. कापडी पिशवीत.

आपले,
पणजीचे चौघे