त्या काळीही 'एडिटिंग' होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, निमित्तानं आपण तिचे जुने कृष्णधवल फोटो छापलेत. घरात सगळ्यांनी आवडीनं पाहिले. पण नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या, फोटोखाली 'एडिटिंग नसलेल्या काळातलं अस्सल छायाचित्र' अशी ओळ होती, ती वाचून मला हसू आलं. शहरातल्या एका लॅबच्या डार्करूममध्ये मी बावीस वर्षं काढली आहेत. एडिटिंग तेव्हाही होतं. लाल दिव्याखाली, हातानं.

तोच फोटो घ्या. मानकऱ्यांच्या अंगातली पांढरीशुभ्र बाराबंदी (बंदांचा पारंपरिक अंगरखा), भर दुपारचं ऊन आणि त्यात सावळे चेहरे. निगेटिव्हवर सगळं उलटं, म्हणजे बाराबंदी काळीकुट्ट आणि चेहरे जवळजवळ कोरे. सरळ प्रिंट मारली तर चेहरे नीट येतात, पण कपड्यांच्या जागी नुसता पांढरा डाग. म्हणून एन्लार्जरखाली (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) चेहऱ्यांपुरते दहा सेकंद द्यायचे, मग दोन्ही हातांनी बाकीचा कागद झाकून फक्त बाराबंदीवर आणखी सहा-सात सेकंद उजेड सोडायचा. हात सारखा हलता ठेवावा लागतो, एका जागी थांबला की त्याची कड कागदावर उमटते. असे चार-पाच कागद वाया गेल्यावर कुठं घड्या दिसायच्या. आपण छापलेल्या फोटोत बाराबंदीच्या घड्या स्वच्छ दिसतात. त्या नुसत्या कॅमेऱ्यातून आलेल्या नाहीत, एवढं मी खात्रीनं सांगतो.

त्यातून आपलं सोलापूर. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, २० अंशांवर ठेवा, असं पाकिटावर लिहिलेलं असायचं. इथं मे महिन्यात नळाचं पाणीच अंघोळीला तापवल्यासारखं! बर्फ डेव्हलपरमध्ये टाकता येत नाही, तो पातळ होतो. मग घमेल्यात बर्फ घालून त्यात ट्रे ठेवायचा. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, उन्हाळ्यात तो इतका मऊ पडतो की नख लागलं तरी सुटून येतो. त्यासाठी हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, तुरटी. तरीही उन्हाळाभर आम्ही रोल रात्रीच धुवायचो.

पाण्याची कथा तर सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. हायपो निघून जायला प्रिंट वाहत्या पाण्यात धुवावी लागते आणि नळाला पाणी तीन-चार दिवसांआड. पिंपातलं पाणी ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बदलून भागवायचो. घरच्या अल्बममधल्या काही फोटोंवर पिवळे-तपकिरी डाग पडलेले दिसतील. त्यातले बरेच या अर्धवट धुण्याचे, काही माझ्या हातचेही असतील.

रंगीत रोल आले तेव्हा आम्ही गमतीनं म्हणायचो, याचा डेव्हलपर ३८ अंशांचा, म्हणजे सोलापूरसाठीच काढलेला दिसतो! पण त्यात पाव अंश इकडेतिकडे झालेला चालत नाही आणि वेळ नेमकी ३ मिनिटं १५ सेकंद. ते काम मशीनकडे गेलं. एकदा लोडशेडिंगमध्ये लग्नाचा रोल मशीनच्या डेव्हलपरमध्येच अडकून पडला. मुलीच्या वडिलांना काय सांगायचं ते मालकानं मला पढवून ठेवलं होतं. ते समोर आले आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

माझी विनंती साधी आहे. जुन्या प्रिंटच्या पाठीवर बऱ्याचदा स्टुडिओचा किंवा लॅबचा रबरी शिक्का असतो. फोटो छापताना त्यावरचं नावही छापत चला. फोटो काढणाऱ्याचं नाव कधीमधी येतं, प्रिंट काढणाऱ्याचं येत नाही. नुसतं 'संग्रहातून' लिहिलं की विषय संपला.

आणि ज्यांच्याकडे बंद पडलेल्या स्टुडिओंचे निगेटिव्हचे डबे असतील, त्यांनी ते रद्दीवाल्याला देऊ नयेत. डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्यातली फिल्म खराब व्हायला लागली आहे, असं समजा. ती बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि आधी स्कॅन करून घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, साध्या कागदी पाकिटात, थंड कोरड्या जागी ठेवा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर नकोच.

तो नंदीध्वजांचा फोटो आपल्याकडे अजून असेल, तर एकदा उलटा करून पाहाल का? शिक्का दिसला तर पुढच्या अंकात छापा.

आपला,
एक निवृत्त डार्करूमवाला, सोलापूर