घरातल्या फळीवर बार्शी लाइट रेल्वे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी उभारलेली अरुंद मार्गावरची गाडी १८९७ साली सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. रूळ रुंद झाल्यावर लोप पावलेल्या त्या मार्गाची प्रतिकृती मी घरी प्लायवूडच्या फळीवर उभारीत आहे.

मूळ रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर होते. १:८७ या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर भरते, म्हणून बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ चालून जातात. चहाचा चोथा वाळवून, चाळून, पातळ केलेल्या डिंकावर भुरभुरला की माणदेशाची नसली, तरी बार्शीकडची काळी माती हुबेहूब दिसते. अडते ते इमारतींपाशी, कारण छायाचित्रावरून फलाटाची उंची किंवा पत्र्याच्या छपराचा उतार नेमका काढता येत नाही.

रेल्वेने या मार्गावरील स्थानकांचे व डब्यांचे जुने आराखडे स्कॅन करून सर्वांसाठी खुले करावेत, आणि ज्या कुटुंबांकडे त्या गाडीची छायाचित्रे असतील त्यांनी ती मागे लिहिलेल्या तारीख-ठिकाणासह जपावीत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर