राखीव क्वार्टरबॅक

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निखिल दोन वर्षे महाविद्यालयाच्या संघात बारावा गडी म्हणूनच राहिला आणि आता खेळच सोडायचे म्हणतो आहे, हे वाचून मन खट्टू झाले. त्याला उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. पण मेरीलँडमध्ये इतकी वर्षे काढल्यावर इथल्या विद्यापीठाच्या एका जुन्या खेळाडूविषयी मला जी आस्था वाटते, ती तुला सविस्तर लिहावीशी वाटली. त्यांचे नाव फ्रँक राइक.

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. मैदानात त्याची जागा एकच असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला कडेला उभे राहून बघण्यावाचून गत्यंतर नसते. विद्यापीठात राइक आधी बूमर इसायसन यांच्यामागे थांबले. १९८४ मध्ये अखेर जागा मिळाली, तर खांदा दुखावला आणि ती सहकाऱ्याकडे गेली. त्या वर्षी १० नोव्हेंबरला मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर, आदल्या हंगामातील राष्ट्रीय विजेत्यांसमोर, मध्यंतराला मेरीलँड ०-३१ असे मागे पडले, तेव्हा त्यांना आत धाडण्यात आले. त्यातला एक लांब पल्ल्याचा पास मी चित्रफितीत कितीदा तरी पाहिला आहे: चेंडू मायामीच्या बचावपटूच्या हातांना लागून उडतो, मागे धावणारा मेरीलँडचा ग्रेग हिल तो अलगद टिपतो आणि थेट गोलरेषेपलीकडे जातो. मेरीलँडने सामना ४२-४० असा जिंकला.

पुढे बफेलो बिल्स या व्यावसायिक संघात जिम केली यांच्यामागे पुन्हा तेच थांबणे आले. फील्ड गोलच्या, म्हणजे चेंडू लाथेने दोन खांबांमधून धाडून गुण मिळवण्याच्या, वेळी लाथ मारणाऱ्यासाठी चेंडू जमिनीवर उभा धरून ठेवण्याचे कामही राइक यांच्याकडे होते. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, स्कॉट नॉरवुड यांची शेवटची लाथ खांबाच्या उजवीकडून गेली आणि बफेलो एका गुणाने हरले, तेव्हा तो चेंडू राइक यांनीच धरला होता. पराभव इतक्या जवळून पाहिलेला माणूस, दोन वर्षांनी केली जखमी झाल्यावर ३ जानेवारी १९९३ रोजी ह्यूस्टन ऑइलर्ससमोर उभा राहिला. मध्यंतराला ३-२८, आणि खेळ पुन्हा सुरू होताच राइक यांचाच पास प्रतिस्पर्ध्याने अडवून गोलरेषेपलीकडे नेला, म्हणजे ३-३५. त्यानंतर त्यांनी चार टचडाऊन पास, म्हणजे गोलरेषेपलीकडे पोहोचून गुण देणारे पास, दिले आणि बफेलोने जादा वेळेत ४१-३८ असा विजय मिळवला. पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गलाही हरवले, आणि त्याच्या पुढच्या सामन्यात केली बरे होऊन परतताच राइक निमूटपणे पुन्हा कडेला गेले. मला त्या दोन विजयांपेक्षा हे कडेला जाणे अधिक मोठे वाटते, आणि निखिलला सांगायचे तर मी आधी तेच सांगेन.

खेळ सोडल्यावर ते काही वर्षे शार्लट येथील धर्मशास्त्राच्या पाठशाळेचे अध्यक्ष होते. प्रशिक्षणाकडे ते पंचेचाळिशीच्या आसपास वळले, तेही इंडियानापोलिस संघात अगदी खालच्या पायरीपासून. डिसेंबर २०१७ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ गुडघा दुखावून बाहेर पडला, तेव्हा आक्रमणाची जबाबदारी राइक यांच्याकडे होती. मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन हेही एके काळी ब्रेट फार्व्ह यांच्यामागचे राखीव खेळाडू. अचानक आत जावे लागलेल्या माणसाला कोणत्या चाली सोप्या वाटतात आणि कोणत्या वेळी त्याचे पाय जड होतात, हे त्या दोघांना कोणी शिकवावे लागले नाही. त्यांनी राखीव निक फोल्स याच्या हाताला रुळतील अशा चाली योजल्या आणि सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४१-३३ असे हरवले.

लगेच राइक यांना इंडियानापोलिस कोल्ट्सचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले, तेही आधी होकार दिलेल्या दुसऱ्या प्रशिक्षकाने ऐनवेळी माघार घेतल्यामुळे. पहिल्या सहांपैकी पाच सामने हरूनही त्या हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला. पुढची वर्षे मात्र कठीण गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्ट्सनी त्यांना दूर केले आणि पुढच्याच महिन्यात तोच संघ ३३ गुणांची आघाडी घालवून हरला. १९९३ च्या सामन्यात ३२ गुणांची पिछाडी भरून काढण्याचा राइक यांचा विक्रम असा मोडला गेला. नंतर कॅरोलायना पँथर्सनी अकरा सामन्यांतच त्यांना काढले. हा संघ १९९५ मध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा त्याचे पहिले क्वार्टरबॅक राइकच होते. त्यांना काढण्याचा तो निर्णय मला आजही घाईचा वाटतो.

यानंतर कोणीही घरी बसला असता. पण २०२५ मध्ये, त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या अँड्र्यू लक यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठासाठी हाक दिली आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते एका हंगामापुरते हंगामी प्रशिक्षक म्हणून महाविद्यालयीन मैदानात परतले.

निखिलला घेऊन बस आणि त्या १९९३ च्या सामन्याची चित्रफीत त्याला दाखव. नियम कळले नाहीत तरी चालतील. ३-३५ झाल्यावर हेल्मेट घालून परत आत जाणाऱ्या त्या माणसाच्या चालण्याकडे त्याने नीट बघावे, एवढेच. त्याला काय वाटले, ते मला नक्की कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश