स्क्रू कुठला, तेवढं तरी लिहून द्या

संपादक साहेब, नमस्कार.

दीड वर्षापूर्वी ऐन पावसात आमची आई स्टेशनच्या जिन्यावर घसरली आणि घोटा मोडला. बाहेरच्या बाजूला प्लेट, आतल्या बाजूला दोन स्क्रू. ऑपरेशन मस्त झालं, त्याबद्दल तक्रार नाही, चार महिन्यांत आई चाळीचे तीन जिने चढायला लागली. पण आतल्या स्क्रूचं डोकं कातडीखाली हाताला लागतं, सँडलचा पट्टा घासला की ठणकतं, म्हणून काढायचं ठरलं. घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो तर पहिलाच प्रश्न, स्क्रू कुठल्या कंपनीचे, डोक्यातली खाच हेक्स (षटकोनी) की स्टार (चांदणीसारखी)?

मी एक्सरे पुढे केला तर हसले. एक्सरेत स्क्रू दिसतो हो, डोक्यातली खाच कसली ते खात्रीने नाही सांगता येत. ३.५ मिमीच्या साध्या स्क्रूला बहुतेक २.५ मिमीचा षटकोनी पाना लागतो, स्टारला वेगळा, आणि चुकीचा घालून जोर केला की खाच झिजते, मग पाना नुसता गरगर फिरतो आणि स्क्रू जागचा हलत नाही (पंख्याचा स्क्रू काढताना हे सगळ्यांनीच केलंय, फक्त इथे खाली आईचं हाड आहे).

फाईल काढली. डिस्चार्ज कार्डवर 'प्लेट आणि स्क्रू घातले' एवढंच, बिलात एक ओळ, 'इम्प्लांट', पुढे भलामोठा आकडा. जुन्या हॉस्पिटलला फोन केला तर अर्ज करा, १५ दिवसांनी या.

२०१७ साली स्टेंटच्या (हृदयाच्या रक्तवाहिनीत घालतात ती जाळीची नळी) किमती बांधल्या तेव्हा हॉस्पिटलने बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर वेगळा लिहायचा असं सरकारनं सांगितलं होतं. मग हाडातल्या स्क्रूला का नको? बऱ्याच ठिकाणी सप्लायरचा माणूस सुट्या स्क्रूंचा डबाच घेऊन येतो, प्रत्येकाला स्टिकर नसतो हे मान्य, पण त्याच्या डिलिव्हरी चलनाची झेरॉक्स फाईलला लावायला काय जातं? कंपनी, साईज, स्टील की टायटॅनियम, डोकं कसलं, चार शब्द आहेत.

आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर म्हणाले दोन्ही प्रकारच्या पान्यांचे सेट मागवून ठेवू, भाडं तेवढं तुमच्या बिलात लागेल.

एक वाचक, लालबाग, मुंबई