परतीच्या लढतीच्या परवानगीबद्दल क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

व्यावसायिक मुष्टियुद्धाचे परवाने कोणत्या नियमांनी द्यायचे हे सरकारच्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहीत आहे. बंदीची मागणी मी करत नाही. या खेळावर माझं मनापासून प्रेम आहे, आणि एकमेकांशी पुन्हापुन्हा भिडलेल्या जोड्यांवर तर सर्वांत जास्त. काळजी वाटते ती त्याच जोड्यांची, त्यांच्यात पुन्हा होणाऱ्या म्हणजे परतीच्या लढतींची.

एमिल ग्रिफिथ आणि बेनी परेट हे मुष्टियोद्धे एका वर्षाच्या आत तीनदा लढले. एप्रिल १९६१मध्ये ग्रिफिथ जिंकला, सप्टेंबरमध्ये परेट. तिसरी लढत व्हायच्या आधी, डिसेंबरमध्ये, परेट वरच्या वजनगटातल्या जीन फुलमरसमोर उतरला आणि बेदम मार खाऊन दहाव्या फेरीत बाद झाला. तरीही २४ मार्च १९६२ला त्याला पुन्हा ग्रिफिथपुढे उभं राहू दिलं. बाराव्या फेरीत तो कोपऱ्यात अडकला, हात खाली आले, ठोसे मात्र पडतच राहिले. ३ एप्रिलला तो गेला. हे सगळं लोकांनी दूरचित्रवाणीवर थेट पाहिलं. ग्रिफिथ पुढे १९७७पर्यंत लढला, पण परेट त्याच्या स्वप्नांत येत राहिला. उतारवयात त्यालाही स्मृतिभ्रंशाने गाठलं. त्या लढतीतून दोघांपैकी कोणीच सुटला नाही.

मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या तीन लढतींत मिळून ४१ फेऱ्या झाल्या. १ ऑक्टोबर १९७५ला मनिलाजवळ झालेली शेवटची लढत आजही लोक डोळे विस्फारून पाहतात. मीही पाहतो, पण चौदाव्या फेरीनंतरच्या त्या मिनिटासाठी. फ्रेझरचा डावा डोळा आधीपासूनच अधू होता आणि त्याने ते लपवलं होतं. आता उजवाही सुजून बंद झाला होता. त्याला उठायचं होतं. प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिलं नाही. या खेळातला सर्वांत धाडसी निर्णय मी तोच मानतो. फ्रेझरला तो रुचला नाही. अलीने जाहीरपणे केलेल्या अपमानांची जखमही त्याच्या मनात कितीतरी वर्षं भळभळत राहिली.

अलीला मात्र वेळेत थांबवणारं कोणी भेटलं नाही. मनिलानंतर तो आणखी १० वेळा रिंगमध्ये उतरला. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७मध्ये, सांगूनही अली आणि त्याची माणसं ऐकत नाहीत म्हणून, त्याची साथ सोडली. १९८०मध्ये लॅरी होम्सशी लढण्याआधी मेयो क्लिनिक या अमेरिकी रुग्णालयात त्याची तपासणी झाली. एका पायावर उड्या मारणं, बोट नेमकं नाकाला लावणं त्याला नीट जमत नव्हतं. तरीही अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने परवाना दिला. चार वर्षांनी पार्किन्सन या मेंदूच्या आजाराच्या लक्षणांचं निदान झालं.

महोदय, हाडवैर रंगलं की त्या वर्तुळात ‘नको’ म्हणणारा माणूस उरतच नाही. लढवय्याला हिशेब चुकता करायचा असतो, आयोजकाला तिकिटं विकायची असतात, आणि आम्हा प्रेक्षकांना तिसरी लढत हवीच असते. हा नकार बाहेरूनच यावा लागतो. तो देण्याचा अधिकार परवाना देणाऱ्याकडे आहे, आणि त्याची जबाबदारी कायद्यानेही मान्य केली आहे. मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक हे ब्रिटिश मुष्टियोद्धे जून १९९१मध्ये लढले आणि तीनच महिन्यांनी पुन्हा समोरासमोर आले. दुसऱ्या लढतीनंतर वॉटसन कोसळला. रिंगजवळ कोसळलेल्याला तातडीने सावरण्याची वैद्यकीय सोय नव्हती, आणि ज्या रुग्णालयात त्याला आधी नेलं तिथे मेंदूवरच्या शस्त्रक्रियेचा विभाग नव्हता. तो ४० दिवस कोमात होता. त्याने ब्रिटिश मुष्टियुद्ध नियामक मंडळावर दावा लावला आणि जिंकला. वैद्यकीय नियम तुम्ही ठरवता, तर खेळाडूची काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य आहे, असा तो निकाल आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, परतीच्या लढतीला वार्षिक परवान्याच्या आधारावर मुभा मिळू नये. तिची परवानगी वेगळी असावी. ती देताना मेंदूच्या स्कॅनमध्ये दोष दिसला नाही एवढंच पुरेसं मानू नये, कारण वर्षानुवर्षांच्या ठोशांनी होणारा मेंदूचा ऱ्हास त्यात बहुतेकदा दिसत नाही आणि त्याचं खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. त्यापेक्षा दोघांनी मधल्या काळात कुठे, कोणाकडून, किती मार खाल्ला ते पाहावं. स्पॅरिंग म्हणजे सरावातल्या लढतीही त्यात धराव्यात, कारण बराच मार तिथेच बसतो आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही. तपासणारा डॉक्टर आयोजकाच्या पैशावर नसावा, आणि त्याने नकार दिला तर तो फिरवण्याची मुभा कोणालाच, आपल्या खात्यालाही, असू नये.

यामुळे काही गाजलेल्या जोड्यांची तिसरी लढत होणार नाही. प्रेक्षक म्हणून मला ते मान्य आहे. या नियमाचा मसुदा खात्याने जाहीर करावा आणि त्यावर निवृत्त मुष्टियोद्ध्यांचं आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या घरच्यांचं म्हणणं आधी ऐकावं.

आपला,
एक मुष्टियुद्धप्रेमी