शेजारच्या वर्गातल्या बाईंना

बाई,

शाळेत सगळे तुम्हाला 'मिस' म्हणतात. आमच्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात, आणि मनातल्या मनात मी तुम्हाला तीन वर्षं तेच म्हणत आले. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, शनिवारी बसून सांगेन. मराठीत लिहिलं ते महाराष्ट्रातून इथे, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात, शिकवायला येऊ घातलेल्यांसाठी. आल्यावर आपल्याला कोण सांभाळून घेतं, ते त्यांनाही कळू दे.

माझा पहिला आठवडा. सातवीचा गणिताचा वर्ग. मी म्हटलं, "सगळ्यांनी रबर काढा." या देशात त्या शब्दाचा अर्थ निरोध असा होतो, ते मला वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाल्यावर कळलं. भिंतीपलीकडे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं, पण मध्ये आला नाहीत. आला असतात तर वर्ग कायमचा तुमचाच झाला असता. शाळा सुटल्यावर आलात आणि म्हणालात, "उद्यापासून दारात उभी राहा. आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव घे. आणि शुक्रवारपर्यंत दहा घरी फोन कर. तक्रारीचा एकही नको."

सगळ्यात जास्त हसलेल्या मुलाच्या आजीला मी पहिला फोन लावला. अपूर्णांक छान जमतात त्याला, म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "बरं, आणि केलं काय त्यानं?" काही नाही, एवढंच सांगायचं होतं, हे पटवायला मला दोन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा पहिल्या बाकावर!

याबद्दल आभार मानायचे तर आहेतच. पण तुमच्या खिडकीजवळच्या त्या निळ्या खुर्चीबद्दल मला माफीही मागायची आहे. तुम्ही स्वतः कृष्णवर्णीय, म्हणून कुठल्याही वर्गात एखाद्या कृष्णवर्णीय मुलाशी खटका उडाला की त्याची रवानगी तुमच्या खोलीत, त्या खुर्चीवर. "तुमचं ऐकतो तो." एका दिवशी मी मोजलं. तुमच्या मोकळ्या तासाला चार मुलं आली, त्यातला एक मी पाठवलेला. तुमच्या वह्या मात्र रात्री घरी तपासल्या जायच्या. हे काम तुमच्या करारात नव्हतं, पगारात तर नाहीच.

अमेरिकेत दर शंभर शिक्षकांत सहा-सात कृष्णवर्णीय, आणि मुलं शंभरात पंधराच्या आसपास. नॉर्थ कॅरोलायनातल्या मुलांवर झालेला एक अभ्यास तुम्हीच दाखवला होतात: तिसरी ते पाचवीत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर अगदी गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटतं. एक शिक्षक! मग त्या एकाला सगळ्या शाळेचा हवालदार करून का ठेवायचं?

ऑरेंजबर्गहून परतताना एकदा तुम्ही गाडी एलोरी गावाकडे वळवलीत. १९५६ मध्ये तिथल्या शाळेत कृष्णवर्णीय शिक्षकांच्या हातात एक अर्ज दिला गेला: तुम्ही एनएएसीपीचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे, सदस्य आहात का? २१ जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, २१ जणांची नोकरी गेली. त्याच वर्षी चार्ल्स्टनच्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी त्याच संघटनेचं सदस्यत्व सोडायला नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी आणि पेन्शन, दोन्ही गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या, एवढंच मला बीएडला शिकवलं होतं. शाळा एकत्र होताना १७ राज्यांत ३८,००० हून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी बसवले गेले, हे तुम्ही स्टिअरिंगवरून नजर न हलवता सांगितलंत. मुलं घेतली, शिक्षक नाही घेतले.

आणि आता माणसं मिळत नाहीत म्हणून माझ्यासारखीला सातासमुद्रापलीकडून आणतात. माझा व्हिसा तीन वर्षांचा, ताणून ताणून पाच. मग मी परत, आणि जागा पुन्हा रिकामी. मी आले याचा मला आनंदच आहे, घरकर्जही फिटतंय. पण क्लेम्सन विद्यापीठात 'कॉल मी मिस्टर' ही योजना इथल्याच तरुणांना, मुख्यतः कृष्णवर्णीय मुलग्यांना, प्राथमिक शिक्षक म्हणून घडवते. तिथून शिकून आपल्या शाळेत आलेला तो मुलगा दुसऱ्याच वर्षी गेला. त्याच्याही खोलीत एक खुर्ची होतीच की.

मला तुम्ही टिकवलंत. तुम्हाला टिकवायला कोणी दारात उभं राहिलं नाही, मीसुद्धा नाही. तुम्ही या जूनमध्ये वर्ग सोडताय, हे मला केकवर लिहिलेल्या अक्षरांवरून कळलं.

गेले दोन महिने मी कुणालाच त्या खुर्चीकडे पाठवलेलं नाही. फार उशिरा, माहीत आहे.

शनिवारी खोकी भरायला नऊला येते. पोहे आणते, मिरची कमी घालून.

तुमची,
भिंतीपलीकडची